फिगर स्केटिंग : जज पाठवतं कोण आणि जाब कोणाला विचारायचा?

बर्फवेडी

बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकते. फिगर स्केटिंग मी बघतेय १९९८ च्या नागानो ऑलिंपिकपासून. तेव्हा कळत काहीच नव्हतं, नुसतं डोळे भरून बघायचं. आता जम्प ओळखता येतात, टेकऑफची एज कळते, स्कोअरशीट वाचता येते, आणि जसजसं जास्त कळायला लागलं तसतसा त्रास वाढत गेला. खेळाचा नाही हो, खेळ चालवणाऱ्यांचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हा खेळ चालवते आयएसयू, म्हणजे इंटरनॅशनल स्केटिंग युनियन. १८९२ साली नेदरलँड्समध्ये स्थापन झालेली, हिवाळी खेळांतली सगळ्यात जुनी आंतरराष्ट्रीय संघटना. स्पीड स्केटिंग आणि शॉर्ट ट्रॅकपण हिच्याकडेच. ऑलिंपिकला किंवा वर्ल्ड्सला (म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपला) कुठल्या देशांचे जज बसणार याचा ड्रॉ निघतो. इथपर्यंत ठीक. पण देशाचं नाव निघालं की त्या देशातर्फे माणूस कोण जाणार हे त्या देशाची फेडरेशन, म्हणजे राष्ट्रीय स्केटिंग संघटना, ठरवते. तीच फेडरेशन जी आपले स्केटर्सपण पाठवते, जिला मेडल आलं की पैसा आणि वजन दोन्ही मिळतं. आणि पुढच्या वेळी त्याच जजचं नाव द्यायचं की नाही हेही तिच्याच हातात. आता सांगा, त्या खुर्चीत बसलेल्या माणसावर दबाव टाकायला कोणी फोन करायची तरी गरज आहे का?

२००२ चं सॉल्ट लेक सिटी सगळ्यांना आठवत असेल. पेअर्सच्या (स्त्री-पुरुष जोडीच्या) फायनलला रशियाचे बेरेझनाया आणि सिखारुलिद्झे, त्यात सिखारुलिद्झे एका लँडिंगला अडखळला. कॅनडाचे साले आणि पेल्टिए स्वच्छ स्केट करून गेले, अख्खं स्टेडियम उभं. निकाल ५-४ ने रशियाकडे. रशिया, चीन, पोलंड, युक्रेन आणि फ्रान्सचे जज एका बाजूला, अमेरिका, कॅनडा, जर्मनी, जपान दुसऱ्या बाजूला. मग फ्रेंच जज मारी-रेन ल गून यांनी सांगितलं की आपल्या फेडरेशनचे अध्यक्ष दिदिए गेलाग्वे यांनी दबाव टाकला होता, नंतर ते विधान त्यांनी फिरवलं. दोघांनाही ३ वर्षं बंदी, २००६ च्या ऑलिंपिकलाही मज्जाव, आणि कॅनडाच्या जोडीला दुसरं गोल्ड.

मला खरी चीड पुढच्या भागाची आहे. हेच गेलाग्वे २००७ ला परत फ्रेंच फेडरेशनचे अध्यक्ष झाले. आणि २०२० पर्यंत राहिले! तेव्हा कशामुळे गेले ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, त्यावर वेगळं लिहीन, एका वाक्यात उरकायचा तो विषय नाही.

नागानोलाच युक्रेनचे जज युरी बाल्कोव आइस डान्सचे नंबर आधीच सांगताना टेपवर सापडले होते, कॅनडाच्या जज जीन सेन्फ्ट यांनी रेकॉर्ड केलं होतं. शिक्षा १ वर्ष. आणि २०१४ ला सोचीमध्ये महिलांच्या फ्री स्केटच्या (दुसऱ्या, मोठ्या प्रोग्रामच्या) पॅनलवर कोण बसलेलं? बाल्कोव. त्याच पॅनलवर रशियाच्या अल्ला शेखोवत्सेवा, ज्यांचे यजमान व्हॅलेंटिन पिसेयेव वर्षानुवर्षं रशियन फेडरेशनच्या सर्वोच्च पदांवर. त्या रात्री रशियाची सोत्निकोवा २२४.५९, कोरियाची युना किम २१९.११. स्पर्धा संपल्यावर शेखोवत्सेवा सोत्निकोवाला मिठी मारतानाचं चित्र सगळ्यांनी बघितलं. कोरियाने तक्रार केली, आयएसयूने फेटाळली. सोत्निकोवाने त्या रात्री उत्तम स्केट केलं होतं हे मी आधीच मान्य करते, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण अशा घरातली बाई त्या खुर्चीत बसूच कशी शकते, आणि नियमात ते बसतंच कसं?

माझं म्हणणं एवढंच, की माणसं बदलून काही होत नाही, जज नेमायचं काम फेडरेशनांच्या हातातून काढून घेतलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

---

दूरवरून

चांगला धागा. तरी थोडी दुसरी बाजू. जिथे कला आली तिथे मतभेद येणारच, धावण्याच्या शर्यतीसारखं घड्याळ लावता येत नाही. आणि २००२ नंतर काहीच झालं नाही असंही नाही ना. जुनी सहापैकी मार्क द्यायची ६.० ची पद्धत गेली, २००४ पासून नवीन सिस्टिम आली, प्रत्येक जम्पला ठरलेली बेस व्हॅल्यू, जम्प पूर्ण फिरली की नाही हे बघायला वेगळं टेक्निकल पॅनल, ९ जजमधला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी मार्क काढून उरलेल्या ७ ची सरासरी. एकट्या जजला आता फार काही करता येत नाही असं मला वाटतं.

---

बर्फवेडी

दूरवरून, मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. एक उदाहरण घेऊया. क्वाड लुट्झ (हवेत चार फेऱ्यांची एक जम्प), तिची बेस व्हॅल्यू ११.५०. त्यावर जज -५ ते +५ देतात (२०१८ पर्यंत -३ ते +३ होतं), आणि प्रत्येक पायरी बेस व्हॅल्यूच्या १०%. म्हणजे एका जजने +३ ऐवजी +४ दिलं की त्याच्याकडून १.१५ जास्त, सातांत वाटलं की जेमतेम ०.१६. किरकोळ वाटतं. पण प्रोग्राममध्ये अशी डझनभर एलिमेंट्स असतात, त्यावर कंपोनंट्सचे, म्हणजे सादरीकरण आणि स्केटिंगच्या दर्जाचे, मार्क वेगळे, आणि आपल्या खेळाडूला थोडं वर नेतानाच प्रतिस्पर्ध्याला थोडं खाली ओढता येतं. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी काढून टाकायचा उपाय एकटा जज वेडंवाकडं वागला तरच चालतो. दोघातिघांचं संगनमत असेल तर एकाचा मार्क कापला जातो, बाकीच्यांचे हिशेबात राहतात.

आणि टेक्निकल पॅनलचं म्हणाल तर ती तर फक्त तीन माणसं, एक कंट्रोलर आणि दोन स्पेशालिस्ट. त्यांनी जम्प पाव फेरीने कमी ठरवली तर एका फटक्यात दोन-तीन पॉइंट जाऊ शकतात. कितीतरी वर्षं हे सगळं एकाच कॅमेऱ्याच्या अँगलवरून ठरत आलंय! स्केटर कॅमेऱ्याकडे पाठ करून उतरली तर एक दिसतं, तोंड करून उतरली तर दुसरं. जिम्नॅस्टिक्सवाल्यांनी २०१९ पासून फुजित्सुची सेन्सरवाली सिस्टिम जजच्या मदतीला घेतली, आपल्याकडे साधे चार कॅमेरे लावायला काय अडचण होती हे मला कोणी समजावून सांगेल का?

---

आकडेमोड

यात एक फार महत्त्वाची गोष्ट राहिली. २००२ च्या लफड्यानंतर आयएसयूने "सुधारणा" म्हणून काय केलं? जजची नावं आणि मार्क यांची ताटातूट केली. कुणी किती दिले हे लोकांना कळणारच नाही. कारण काय दिलं, तर म्हणे जजवर त्यांच्या फेडरेशनचा दबाव येऊ नये. म्हणजे दबाव टाकणारी फेडरेशन तशीच ठेवायची, आणि पुरावा तेवढा झाकायचा.

डार्टमथ कॉलेजचे अर्थतज्ज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी यावर अभ्यास केलाय, आधीचे आणि नंतरचे मार्क तपासून. जज आपल्या देशाच्या स्केटरला झुकतं माप देतात हे तर निघालंच, पण नावं लपवल्यावर हा झुकाव कमी व्हायच्या ऐवजी वाढला असं त्यांना आढळलं. पत्रकार विचारत नाहीत, प्रेक्षक विचारत नाहीत, मग वाढणारच. सोचीतला तो निकालही याच काळातला, त्यामुळे वर ज्यांची नावं आली त्यांनी किती मार्क दिले हे आजही आपल्याला बघता येत नाही.

शेवटी २०१६ ला दुब्रोव्हनिकच्या काँग्रेसमध्ये (आयएसयूच्या सदस्य फेडरेशनांच्या सभेत) मतदान होऊन ही गुप्तता गेली. आणि लगेच पुढच्या ऑलिंपिकला, २०१८ च्या प्योंगचांगला, चीनचे दोन जज आपल्या खेळाडूंना फुगवून मार्क दिले म्हणून पकडले गेले आणि निलंबित झाले, एकाला १ वर्ष, एकाला २ वर्षं आणि बीजिंग ऑलिंपिकला बंदी. नावं उघड झाली म्हणून सापडले, एवढं साधं आहे हे. पण १ वर्षाची शिक्षा झालेले ह्वांग फेंग बीजिंग २०२२ ला पेअर्सच्या टेक्निकल पॅनलवर होते. शिक्षा संपली म्हणून नियमाने पात्र असतीलही, पण जगात एवढीच माणसं उरलीत का?

---

मुक्ता_क

बाल्कोव, गेलाग्वे, ह्वांग फेंग. तीन वेगळे देश, तीन वेगळी प्रकरणं, आणि तिघंही परत. वाचून सुन्न झाले. वाचनखूण साठवली.

---

सईची_आई

मी इथे सहसा वाचतेच फक्त, पण बर्फवेडीताई, तुम्ही २०२० चा विषय अर्धा सोडलात म्हणून लिहिते आहे.

गेलाग्वे गेले ते सारा अबिटबोलमुळे. २००० च्या वर्ल्ड्सची पेअर्समधली ब्राँझ मेडलिस्ट. जानेवारी २०२० मध्ये तिने पुस्तक लिहून सांगितलं की पंधरा वर्षांची असल्यापासून तिच्या कोचने तिच्यावर बलात्कार केले. जवळजवळ तीस वर्षं ती गप्प होती. क्रीडामंत्र्यांनी गेलाग्वेंचा राजीनामा मागितला, त्यांनी आधी नकार दिला, मग फेब्रुवारीत दिला. नंतर सरकारी चौकशीत वीसेक कोचांची नावं आली. वीस!

म्हणून मला वाटतं आपण मार्कांवर जितकं बोलतो त्याच्या दुप्पट यावर बोलायला हवं. माझी मुलगी काही वर्षं शिकत होती. नाव घेत नाही, पण तिथे मुलींना सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. ती अकरा वर्षांची होती. तिने घरी सांगितलं नाही, मला सहा महिन्यांनी कळलं ते ताटात अन्न राहायला लागलं तेव्हा. मी विचारायला गेले तर उत्तर मिळालं की सगळीकडे असंच असतं. तक्रार करायची कोणाकडे, तर जी समिती कोच नेमते तिच्याकडेच. आम्ही तिला काढलं. ती अजूनही टीव्हीवर स्केटिंग लागलं की खोलीतून उठून जाते.

म्हणून मला जजपेक्षा आधी हे हवंय की मुलांच्या तक्रारी ऐकणारं कोणीतरी फेडरेशनच्या बाहेरचं असावं. ज्याचा पगार, ज्याची खुर्ची, काही काही त्यांच्यावर अवलंबून नसेल असं.

---

बर्फवेडी

सईची_आई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. सईला माझं प्रेम. ती तेव्हा बोलली नाही यात तिची काहीच चूक नाही.

तुमचा क्रम मला मान्य आहे. मूल आधी, मार्क नंतर. मी धागा लिहिताना उलटं केलं.

---

अवधूत

मग रशियाच्या कमिला वालिएवाचं नाव घ्यायलाच हवं. पंधरा वर्षांची मुलगी. डोपिंग चाचणीचं सॅम्पल घेतलं २५ डिसेंबर २०२१ ला रशियन नॅशनल्सच्या वेळी, रिपोर्ट कळला ८ फेब्रुवारी २०२२ ला, बीजिंगची टीम इव्हेंट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. ट्रायमेटाझिडिन, हृदयाचं औषध, खेळात बंदी असलेलं. सहा आठवडे! सॅम्पल स्टॉकहोमच्या लॅबमध्ये पडून. मग तिला खेळू दिलं, आणि त्या फ्री स्केटमध्ये ती पुन्हा पुन्हा पडली, चौथी आली, आणि बर्फावरून बाहेर येताच तिच्या कोचने, एतेरी तुतबेरिद्झेने, पाठीवर हात ठेवायच्या ऐवजी जाब विचारला, तोही जगासमोर कॅमेऱ्यात. मला ते बघवलं नव्हतं, टीव्ही बंद केला होता.

निकाल लागला जानेवारी २०२४ ला, ४ वर्षांची बंदी. टीमची मेडल्स अमेरिका आणि जपानच्या खेळाडूंना मिळाली ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला, उन्हाळी ऑलिंपिक चालू असताना आयफेल टॉवरपाशी. अडीच वर्षांनी. शिक्षा कोणाला, तर त्या मुलीला. पंधराव्या वर्षी ते औषध तिने स्वतः शोधून, स्वतः ठरवून घेतलं असं कोणाला वाटतं? आणि ज्या कोचच्या हाताखाली मुली सतरा-अठराव्या वर्षी दुखापतींनी संपत होत्या, तिला आयएसयूनेच २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट कोचचं बक्षीस दिलं होतं.

---

दूरवरून

अवधूत, वयोमर्यादा वाढवली ना त्यानंतर. जून २०२२ ला फुकेतच्या काँग्रेसमध्ये १०० विरुद्ध १६. सिनियरला १५ ऐवजी आता १७ वर्षं. आणि त्याचा फरक दिसतोयही. जपानची साकामोतो सलग तीन वर्षं वर्ल्ड चॅम्पियन, २०२५ ला अमेरिकेची अलिसा लिउ, जी सोळाव्या वर्षी कंटाळून सोडून गेली होती आणि स्वतःच्या मर्जीने परत आली, १९ व्या वर्षी जिंकली. पेअर्समध्ये डिआना स्टेलाटो-डुडेक २०२४ ला चाळीसाव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन! हे श्रेय द्यायला हवं.

---

अवधूत

श्रेय देतो. पण वेळ बघा. वय वाढवायचा विषय त्याआधी कित्येक वर्षं चर्चेत होता, २०२० ची काँग्रेस कोविडमुळे झालीच नाही, आणि काँग्रेस भरते दोन वर्षांनी एकदा. म्हणजे एका पंधरा वर्षांच्या मुलीचे हाल सगळ्या जगाने लाइव्ह बघितल्यावर मग १०० हात वर आले. आणि १७ केलं म्हणून ज्युनिअरच्या मुलींचं काय, त्यांना १३ व्या वर्षी क्वाड मारायला लावणं कुठे थांबलंय. सईच्या वयाच्या मुलीला त्या नियमाचा काय उपयोग?

---

कलम_३७०२

मी कायद्याच्या अंगाने थोडं सांगतो, कारण "एवढा अन्याय आहे तर खेळाडू वेगळी संघटना का काढत नाहीत" हा प्रश्न नेहमी येतो.

काढली होती. मार्च २००३, वॉशिंग्टनमध्ये वर्ल्ड्स चालू असताना, रॉन फेनिंग, सॅली स्टेपलफोर्ड वगैरे जुन्याजाणत्या जज-पदाधिकाऱ्यांनी वर्ल्ड स्केटिंग फेडरेशनची घोषणा केली, फिगर स्केटिंग स्पीड स्केटिंगपासून वेगळं करायचं आणि जजिंग स्वच्छ करायचं म्हणून. टिकली नाही. ऑलिंपिकची मान्यता आयएसयूकडे, स्केटर्सना ऑलिंपिकच हवं असतं, मग नवीन दारात जाणार कोण? पुढे आलेली माणसं मात्र खेळातून बाहेर पडली. ज्यांनी तोंड उघडलं ते बाहेर आणि ज्यांच्याबद्दल उघडलं ते परत आत, हे मुक्ता_क यांच्या यादीच्या शेजारी ठेवून वाचा.

स्केटर्सनी परवानगी नसलेल्या स्पर्धेत भाग घेतला तर आजन्म बंदीपर्यंतची शिक्षा आयएसयूच्या नियमात होती. मार्क टाउटर्ट आणि निल्स केर्स्टहोल्ट या दोन डच स्पीड स्केटर्सना दुबईतल्या एका नव्या स्पर्धेत खेळायचं होतं, त्यांनी २०१४ मध्ये युरोपियन कमिशनकडे तक्रार केली. कमिशनने २०१७ ला आयएसयूविरुद्ध निर्णय दिला, आणि २१ डिसेंबर २०२३ ला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं की हे नियम मक्तेदारी रोखणाऱ्या कायद्यात बसत नाहीत. ९ वर्षं लागली. खेळाडूची अख्खी करिअर तेवढीच असते. पण दार उघडलं, आणि ते बाहेरून, कोर्टातून उघडलं, आतल्या काँग्रेसमधून नाही. माझ्या मते धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

---

आकडेमोड

कलम, एक भर घालतो. काँग्रेसमध्ये मतं असतात सदस्य फेडरेशनांची. म्हणजे "जज नेमायचा हक्क फेडरेशनकडून काढा" हा ठराव पास व्हायला फेडरेशननीच हात वर करायचे. कसं होणार? आणि १९९४ ते २०२२ आयएसयूचे अध्यक्ष कोण, तर आधी २२ वर्षं ओत्ताविओ चिंक्वांता, मग यान डायकेमा, दोघंही स्पीड स्केटिंगमधून आलेले. २०२२ ला कोरियाचे जे-योल किम आले, १३० वर्षांत पहिले युरोपबाहेरचे अध्यक्ष. त्यांच्याकडून मला आशा आहे, पण मतपेटी तीच आहे.

---

पाटी_पेन्सिल

मी एका वेगळ्या खेळात (त्यातही मार्क असतात) राज्य पातळीवर आठ वर्षं जज होते. एक अनुभव सांगते. कोणीही मला कधी सांगितलं नाही की अमुकला मार्क वाढव. एकदाही नाही. पण एका वर्षी मी आमच्याच लोकांच्या आवडत्या मुलीला, तिची चूक दिसली म्हणून, कमी दिले. कोणी रागावलं नाही, भांडलं नाही. पुढच्या दोन सीझनला बोलावणं आलं नाही एवढंच. तिसऱ्या वर्षी आलं तेव्हा मी मार्क देताना हात आखडल्याचं माझं मलाच जाणवलं, आणि मी ते काम सोडलं. त्यामुळे बर्फवेडी म्हणते ते फोनबद्दलचं वाक्य शंभर टक्के खरं आहे.

पैशाबद्दलही बोला कोणीतरी. फिगर स्केटिंगचे जज जवळजवळ स्वयंसेवक असतात, खर्च आणि किरकोळ भत्ता, स्वतःची नोकरी सांभाळून रजा टाकून येतात. त्यांना फेडरेशनपासून तोडायचं तर पगार द्यावा लागेल, वर्षभर प्रशिक्षण, परीक्षा, सगळं. हे केल्याशिवाय नुसतं "फेडरेशनच्या हातातून काढा" म्हणून भागणार नाही.

---

दूरवरून

पण पगारी जजसुद्धा कुठल्यातरी देशाचेच असणार ना? मनातला झुकाव पगाराने जाईल का?

---

पाटी_पेन्सिल

मनातला नाही जाणार. पण मनातला झुकाव आणि पोटावर पाय येईल ही भीती यात फरक आहे. पहिल्याला प्रशिक्षण आणि उघड आकडे पुरतात. दुसऱ्याला नाही पुरत, तिथे नेमणारा बदलावा लागतो. आणि ज्या इव्हेंटमध्ये आपल्या देशाचा खेळाडू मेडलच्या रांगेत आहे तिथे बसायचं नाही, हा साधा नियम आजही करता येईल, त्याला एक पैसा लागत नाही.

---

बर्फवेडी

पाटी_पेन्सिल, हे मला सुचलं नव्हतं. पटलं.

सगळ्यांचं वाचून माझं मत थोडं बदललं. मला वाटायचं काँग्रेसमधूनच होईल, पण कलम आणि आकडेमोड यांचं वाचून वाटतं की ऑलिंपिक समितीने अट घातल्याशिवाय हलणार नाही. २००२ ला दुसरं गोल्ड चार दिवसांत जाहीर झालं ते काही आयएसयूला आतून उमाळा आला म्हणून नाही, वरून दबाव आला म्हणून. तशीच अट आता घालावी, तीही आधी मुलांच्या तक्रारींच्या स्वतंत्र यंत्रणेची, मग जज नेमणुकीची. आणि शिक्षा झालेला माणूस, मग तो जज असो, अध्यक्ष असो की कोच, त्या खेळात कुठल्याच खुर्चीवर परत नको.

---

मुक्ता_क

मला एक विचारायचंय. कुठल्या जजने किती दिले हे बघता येतं म्हणालात, ते कसं बघायचं? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पुढच्या स्पर्धेला स्वतः बघावंसं वाटतंय.

---

बर्फवेडी

नक्की बघ मुक्ता. प्रत्येक इव्हेंट संपला की निकालाच्या पानावर जजेस डिटेल्स नावाची पीडीएफ येते. प्रत्येक स्केटरचा एक तक्ता. डावीकडे एलिमेंट्स, त्यापुढे बेस व्हॅल्यू, मग जे१ ते जे९ असे नऊ रकाने. कुठला जे म्हणजे कोण हे पॅनल ऑफ जजेसच्या पानावर नाव आणि देशासकट असतं, ते आधी उघडून ठेव. एखाद्या जम्पनंतर क्यू (q) किंवा उलट्या बाणासारखी (<) खूण दिसली तर ती टेक्निकल पॅनलने फेरी कमी धरलीय. मग एकच जज घे आणि त्याचा रकाना वरपासून खालपर्यंत वाच, आधी त्याच्या देशाच्या स्केटरचा, मग तिच्या आगेमागे असलेल्या दोघींचा. पहिल्यांदा तासभर लागेल. अडलीस तर तक्ता इथेच टाक, आपण सगळे मिळून वाचू.